दोष यंत्राचा, बोलणी पोराला

आमच्या घरात एक जुना कॉम्प्युटर आहे. २०१२ साली नांदेडहून आणला. सुटे भाग जोडून तयार केलेला, म्हणून जरा स्वस्तात पडला. तरीही आमच्या मंडळींना बचत गटातून कर्ज काढावे लागले आणि ते फेडायला दीड वर्ष लागले. आम्ही तेव्हा एसटीच्या आगारात कारागीर होतो. थोरल्या मुलीने नुकतीच एमएससीआयटी केली होती, पण घरी सरावाला यंत्र नव्हते. शिकलेले हातचे जाऊ नये, एवढाच त्या खरेदीमागचा हेतू.

पुढे त्या यंत्राने घराला हातभार लावला. थोरली त्यावर वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, भरतीचे फॉर्म भरून देऊ लागली. ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये द्यावेत, नाही जमले तर राहू द्यावेत. आमचे घर हिंगोलीत, गल्लीच्या पलीकडे हळद पॉलिश करण्याचे ड्रम आहेत. हळदीचा हंगाम आला की दारात, खिडकीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळी धूळ बसते. ती यंत्रावरही बसत होती. पण बारा-तेरा वर्षांत आम्ही त्याची पेटी एकदाही उघडली नव्हती. आगारात मात्र गाडीला ठरल्या दिवशी तेल-पाणी झाले नाही तर आम्हीच आरडाओरडा करायचो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये यंत्र दुपारचे बंद पडू लागले. सकाळी ठीक चाले. दुपारी पत्रे तापले की अर्ध्या तासात खट्टकन बंद. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू. ही खूण आमच्या ओळखीची होती. गाडी चढाला गरम होते, थांबवली की थंड होते, पुन्हा चालते. अशा वेळी आम्ही आधी रेडिएटर बघतो. आम्ही पेटीची वायर काढली, बाजूचा पत्रा खोलला आणि आत बघून गप्प बसलो.

आतल्या मुख्य चिपला प्रोसेसर म्हणतात. तो तापतो म्हणून त्याच्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो आणि वर पंखा. त्या पात्यांच्या फटीत हळदीची धूळ आणि केसांचा गुंता मिळून वाकळेसारखा थर जमला होता. पंखा फिरत होता, पण वारा खाली जातच नव्हता. कोपऱ्यात एक वाळलेली पालही सापडली. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो. म्हणजे यंत्र बिघडून बंद पडत नव्हते, वाचण्यासाठी बंद होत होते.

आम्ही रंगाचा कोरडा ब्रश घेतला. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण हवा मारताना ते गरागरा फिरू देणे बरे नसते, आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक लेप असतो, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. दोन धातूंच्या मधली बारीक फट भरून उष्णता पलीकडे पोचवायची, एवढे त्याचे काम. तो वाळून खडूसारखा झाला होता. पुसून काढला आणि वाटाण्याएवढा नवा लावला. दुपारचे बंद पडणे थांबले.

पाल बघून थोरलीने एक गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे मार्क-२ नावाचे खोलीएवढे गणकयंत्र अडले. शोधता शोधता आतल्या एका रिलेत अडकून मेलेला पतंग सापडला. तिथल्या माणसांनी तो चिकटपट्टीने कामाच्या वहीत लावला आणि शेजारी नोंद केली. ती वही आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. यंत्रातल्या दोषाला इंग्रजीत किडा म्हणायची चाल त्याच्याही आधीची, पण हा किडा खरोखरीचा निघाला. आम्ही हसलो आणि पाल बाहेर टाकून दिली. वहीत नोंद करण्याचा धडा मात्र तेव्हा घेतला नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

आमचा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, शिक्षणासाठी आमच्याकडे असतो. बहिणीचे गाव सेनगाव तालुक्यात. ती आणि दाजी दर वर्षी ऊसतोडीला जातात, दिवाळीच्या सुमारास निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पोराची शाळा बुडू नये म्हणून आम्ही त्याला आठवीत असतानाच घेऊन आलो. स्वभावाने अबोल. मामाच्या घरी राहणारे लेकरू आपल्या घरच्यासारखे हट्ट करत नाही, उलट उत्तर देत नाही. हे आम्हाला कळायला हवे होते.

त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. विजा चमकू लागल्या, म्हणून आणि बिल वाचावे म्हणूनही, आम्ही रोज रात्री नऊ वाजता भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करून झोपायचो. थोरली बीएडच्या परीक्षेसाठी चार दिवस नांदेडला गेली होती. त्याच वर्षी अकरावीचा प्रवेश पहिल्यांदा साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला होता. पूर्वी जवळच्या कॉलेजात जाऊन फॉर्म भरला की झाले. आता खेड्यातल्या मुलांनाही संकेतस्थळावरच भरावा लागणार होता. शेजारची एक मुलगी दहावी पास झालेली, तिची आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते. ती मायलेक सकाळीच आमच्या दारात आली. थोरली नाही तर आपण भरून देऊ, असे आम्हाला वाटले.

यंत्र सुरू केले. काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी आल्या, खाली एफ-१ दाबा असे लिहिलेले. दाबले. मोबाइलवरून इंटरनेट जोडले आणि संकेतस्थळ उघडले, तर पानभर इशारा. मोठे लाल चिन्ह, जोडणी सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरीला जाऊ शकते. दुसरे संकेतस्थळ उघडले, तिथेही तेच. ती मुलगी घाबरून आईकडे बघू लागली. आमच्या मनात एकच शब्द आला, व्हायरस.

रात्री यंत्रावर कोण बसते? भाचा. आम्ही झोपल्यावर दहानंतर तो बोर्डाचे बटण पुन्हा चालू करून बसतो, हे आमच्या मंडळींनी पाहिले होते. आम्ही त्याला त्या मायलेकींच्या देखत हाक मारली.

"रात्री काय करतोस यावर? गेम टाकले असशील. व्हायरस आणलास यात."

"नाही मामा. गेम नाही."

"मग आपोआप झालं का? बारा वर्षं चाललेलं यंत्र तुझ्याच हातात बिघडलं?"

तो उभा राहिला. बोलला नाही. न बोलण्याचा अर्थ आम्ही कबुली असा घेतला आणि आणखी चार शब्द सुनावले. कर्ज काढून घेतलेले यंत्र आहे, ताईचे पोट त्यावर आहे, फुकट खाऊन वर नुकसान, असेही तोंडातून गेले. हे शेवटचे लिहिताना हात अडखळतो, पण लिहायचे ठरवले आहे म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिशवी भरली. आईला भेटून येतो म्हणाला. मामी म्हणाली, जेवून जा. तो म्हणाला, गाडी चुकेल. आम्ही म्हटले, जाऊ द्या, चार दिवस राहून येईल.

थोरली परत आली ती आठव्या दिवशी. चार दिवसांची परीक्षा, पण मैत्रिणीकडे राहून पुढचे काही काम उरकून आली. फॉर्मची मुदत तोंडावर आली होती. ती मायलेक रोज विचारून जात होती. थोरलीने यंत्र सुरू केले, इशारा बघितला, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बोट दाखवून विचारले, "बाबा, आपण कोणत्या साली आहोत?"

कोपऱ्यात तारीख होती, १ जानेवारी २०१२.

तिने समजावून सांगितले ते असे. सुरक्षित संकेतस्थळाकडे आपल्या ओळखीचा एक दाखला असतो. त्यावर तो कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेले असते. आपले यंत्र तो दाखला स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघते. यंत्राचे घड्याळ २०१२ दाखवत असेल आणि दाखला २०२५ चा असेल, तर यंत्राला वाटते हा दाखला अजून लागूच झालेला नाही, काहीतरी गडबड आहे. म्हणून लाल इशारा. व्हायरस नाही की चोरी नाही. तिने तारीख दुरुस्त केली, पान उघडले आणि त्या मुलीचा फॉर्म त्याच दुपारी भरून झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख पुन्हा २०१२. मग तिने पेटी उघडून मदरबोर्डावर बसवलेला रुपयाएवढा गोल सेल दाखवला. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते, तीन व्होल्टचा. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत, यंत्र बंद असले तरी, घड्याळाला मुख्य विजेवर चालता येते. बटण बंद केले की ते त्या सेलवर चालते. सेल संपला की घड्याळ कारखान्यातून निघताना घातलेल्या तारखेवर जाते. हे सेल काही वर्षे टिकतात, आमचा तेरा वर्षे टिकला हेच पुष्कळ. आणि रोज रात्री बटण कोण बंद करत होते? आम्ही. काळ्या पडद्यावरची ती इंग्रजी ओळ हेच सांगत होती की तारीख-वेळ हरवली आहे. यंत्र रोज लिहून देत होते आणि आम्ही न वाचता एफ-१ दाबत होतो.

सेलची किंमत चाळीस रुपये.

एवढ्यावर भागले असते. पण थोरली म्हणाली, रात्री काय चालायचे तेही बघू. तिने फायली तारखेप्रमाणे लावल्या. वर एक लांब यादी आली, सगळ्यांवर तारीख तीच, १ जानेवारी २०१२, वेळ मध्यरात्रीनंतरची बारा-पंधरा, बारा-चाळीस, एक-दहा. रोज रात्री आम्ही बटण बंद केलेले, त्याने चालू केले की घड्याळ पुन्हा शून्यावरून निघायचे. त्याच्या आधीच्या फायलींवर बरोबर तारखा होत्या. म्हणजे सेल केव्हा संपला तेही त्या यादीत दिसत होते. फायलींची नावे होती सराव १, सराव २, असे सराव ४१ पर्यंत.

गेम एकही नव्हता. मराठी टायपिंगचा सराव होता. अर्जाचे नमुने, कार्यालयीन पत्रे, एकच उतारा पाच-पाच वेळा. राज्य परीक्षा परिषद जी शासकीय संगणक टंकलेखन परीक्षा घेते, तिची तो तयारी करत होता. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठीचे मिनिटाला तीस शब्द लागतात. दिवसा यंत्रावर ताई लोकांचे फॉर्म भरते, तिची अडचण नको म्हणून तो रात्री बसत होता. प्रत्येक फाइलच्या खाली त्याने आपला वेग लिहून ठेवला होता. २१, २२, २२, २४, २३, २६. शेवटच्या फाइलखाली २८.

आमच्या मंडळी वाचता येईल तेवढे वाचून म्हणाल्या, "लेकराला फुकट खाणारा म्हणालात तुम्ही." आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही बहिणीच्या गावी गेलो. भाचा शेतात गेला होता. बहीण म्हणाली, "काही बोललं नाही मला पोरगं, दादा. आलं, गुमान कामाला लागलं." आम्ही तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मोठी माणसं बोलतातच." आम्ही म्हणालो, "बोलावं, पण आधी बघून बोलावं. मी बघितलंच नाही." भाचा आला. त्याच्या आईसमोर आणि वडिलांसमोर आम्ही त्याला सांगितले की चूक आमची होती, तुझी नव्हती. बोललो होतो चार लोकांत, तर चूकही चार लोकांतच कबूल करायला हवी, म्हणून त्या शेजारच्या मायलेकींनाही पुढे आम्ही तसेच सांगितले.

भाच्याने मान खाली घालून ऐकले. मग विचारले, "मामा, पण तारीख मागं का गेली?" येताना गाडीत आम्ही त्याला सेलची गोष्ट सांगितली.

यंत्राचे दुखणे अजून संपले नव्हते. मधूनच पडदा निळा व्हायचा आणि कधी काही न सांगता यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. या वेळी भाच्याला शेजारी बसवले आणि आगाराच्या रीतीने एक वही घातली. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय चालू असताना, पडद्यावर काय आले, आपण काय बदलले. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशाने गेला ते कळत नाही, आणि पुन्हा आला तर पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यांत आधी हार्ड डिस्कवरचे सारे दुसरीकडे उतरवून घेतले. लोकांची कागदपत्रे, आमच्या आईचा एकुलता एक फोटो आणि ते एक्केचाळीस सराव. यंत्र असे अचानक बंद होत असेल तर डिस्कला धोका असतो, आणि पार्ट नवा मिळतो, फोटो मिळत नाही.

निळ्या पडद्यावरचा मजकूर दर वेळी वेगळा येत होता. असे असले की संशय रॅमवर घ्यावा, असे थोरलीचे म्हणणे. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसले, तरी फरक नाही. मग एकच पट्टी ठेवून दोन दिवस चालवले, नंतर दुसरी ठेवून. एक पट्टी ज्या खाचेत घालावी तिथे निळा पडदा येई, दुसरी कुठेही नीट चाले. दोष खाचेत नव्हता, पट्टीत होता. ती पट्टी बाजूला ठेवली. यंत्र थोडे हळू झाले, पण निळा पडदा गेला.

राहिले आपोआप बंद-चालू होणे. वहीत बघितले तर कामाचा भार वाढला की ते होत होते. एकदम तीन-चार कामे चालू असली की बंद. आम्ही भाच्याला म्हटले, गाडीची बॅटरी नुसती मोजली तर भरलेली दिसते, सेल्फ मारला की खरी कळते. मल्टिमीटर लावला. यंत्राला वीज देणाऱ्या एसएमपीएसची बारा व्होल्टची लाइन यंत्र मोकळे असताना बरोबर होती, भार पडताच अकरा पूर्णांक एकवर आली. पाच टक्क्यांपर्यंत खाली-वर चालते, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. एसएमपीएस थकला होता. अशा डब्यात कपॅसिटर असतात, त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो, आणि आतली उष्णता दहा अंशांनी वाढली तर आयुष्य साधारण निम्मे होते. धुळीने कोंडलेल्या पेटीत तेरा उन्हाळे काढले, आणखी काय होणार? भाच्याने तो डबाही उघडायला घेतला होता, आम्ही हात धरला. एसएमपीएस घरी कधी उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात धक्का देण्याएवढी वीज साठून राहते. तो बदलायचा असतो. नांदेडहून नवा आणला, भाच्यानेच बसवला.

यंत्र आजही चालते. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि पुढचे विंडोज एवढ्या जुन्या यंत्राला चालत नाही, म्हणून भाच्याने त्यात लिनक्स घातले. त्याला पैसे पडत नाहीत. पेटी आता जमिनीवर नाही, स्टुलावर असते, खिडकीपासून लांब. हळदीचा हंगाम संपला की पत्रा उघडून साफ करायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

भाचा टायपिंगची परीक्षा पास झाला. त्याचा आठ-नऊ दिवसांचा सराव बुडाला तो आमच्यामुळे, तरी झाला. आता सराव संध्याकाळी होतो. थोरलीने त्याच्यासाठी सात ते नऊ ही वेळ लोकांना बंद ठेवली आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, घरातली वस्तू बिघडली की आपण आधी माणूस शोधतो, शेवटी कोणी हात लावला म्हणून. बहुधा तो घरातला सर्वांत लहान नाहीतर सर्वांत गरीब असतो. एकोणतीस वर्षे गाड्या दुरुस्त करताना आम्ही शेवटच्या ड्रायव्हरला कधी एकदम दोष दिला नाही, आधी बॉनेट उघडले. घरी तेवढे केले असते तर चाळीस रुपयांत काम झाले असते.